खेळाचे नियम कोण लिहितो?

संगणकावरचे खेळ हा विषय या पानांवर कशासाठी, असे काही वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. दलित साहित्याच्या आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात जमिनीची, शिक्षणाची, अत्याचारांची चर्चा व्हावी. पोरांच्या मोबाईलवरच्या गेमची कशाला? खेळ म्हणजे वेळ घालवणे, आणि वेळ घालवणे ही ज्यांना परवडते त्यांची चैन, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. पण चाकणहून तिसरी पाळी संपवून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एकदा चढून पाहावे. निम्मी पोरे झोपलेली असतात आणि उरलेली मोबाईलवर खेळत असतात. त्या खेळात कोण कितव्या मिनिटाला हरणार, कुठे थांबून पैसे मागितले जाणार, कोणाला दुसरी संधी मिळणार, हे सारे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्याने लिहिलेल्या नियमांखाली जगावे लागले, त्याने नियम लिहिण्याच्या या नव्या विद्येकडे पाठ फिरवावी, हे मला पटत नाही.

खेळातून विचार पेरण्याची रीत काही संगणकाने आणलेली नाही. सापशिडीचे मूळ असलेला मोक्षपट घ्या. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. पटावरच्या घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरात साप गिळतो, आणि शेवटी मोक्ष. वरवर पाहता ही नीतीची शिकवण झाली. परंतु खेळाची यंत्रणा पाहिली म्हणजे वेगळेच दिसते. खेळणाऱ्याच्या हातात कवड्या टाकण्यापलीकडे काहीही नाही. त्याने सद्गुण निवडलेला नसतो की दुर्गुण टाळलेला नसतो. कवड्यांनी जिथे नेऊन टाकले तिथे तो जातो, आणि पट त्याला सांगतो, हे तुझ्या कर्माचे फळ! निव्वळ योगायोगाला कर्म म्हणायला शिकवणारे याहून सोपे यंत्र मला तरी माहीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, पुढे त्यातला मोक्ष गळाला, साप आणि शिड्या तेवढ्या राहिल्या.

३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण शिडीच नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली, ती येथे आठवल्याशिवाय राहत नाही. पटावर शिड्या रंगवलेल्या होत्या. ज्या वाड्यात तो पट मांडला जाई, त्या वाड्याबाहेरच्या माणसांसाठी शिडी नव्हती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे, पण त्याचे पिल्लू आपल्या चाळीचाळीत पोचलेले आहे. 'व्यापार' नावाचा खेळ कोणी खेळला नाही? मुंबई विकत घ्या, त्यावर घर बांधा, दुसरा तिथे आला की भाडे वसूल करा आणि शेवटी बाकीच्यांना कंगाल करा. हा खेळ ज्या 'मोनोपॉली'वरून आला, तिचे मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईने १९०४ साली पेटंट घेतलेल्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. जमिनीची मालकी मूठभरांच्या हाती गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे लोकांना हाताने खेळून कळावे, असा तिचा हेतू होता. तिने या खेळासाठी दोन नियमावल्या केल्या. एकीत कोणाचीही मिळकत वाढली की तिचा वाटा सर्वांना मिळे. दुसरीत एकाने सर्वांना गिळायचे. पट तोच, फासे तेच. नियम बदलला की धडा उलटा. जगात टिकली ती दुसरी. १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने तिचे पेटंट पाचशे डॉलरला घेतले आणि खेळाचा जनक म्हणून चार्ल्स डॅरो या गृहस्थाचे नाव कित्येक दशके मिरवले गेले. जमीनदारीविरुद्ध लिहिलेला खेळ जमीनदारीचा पाळणा झाला, आणि लिहिणारी बाई पुसली गेली. आपल्या वाचकांना या गोष्टीचे नवल वाटू नये.

आता संगणकाकडे येऊ. पट हा उघडा असतो. नियमपत्रिका कोणीही वाचू शकतो, भांडू शकतो, 'आमच्याकडे असं खेळत नाहीत' म्हणून बदलूही शकतो. संगणकावरच्या खेळाचे नियम मात्र प्रोग्राममध्ये बंद असतात. तेव्हा प्रोग्राम म्हणजे काय हे समजून घेणे आवश्यक ठरते, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ते समजावून देणे अवघड नाही. मी एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मागोमाग मोटारींचे कारखाने आले आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसांचे लोंढे इकडे लागले. माझे वडील त्यांतलेच. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या वर्गातली बरीच मुले रात्री कारखान्यात आणि दुपारी बाकावर असतात. त्यांना पुस्तकी व्याख्या सांगितली की डोळे मिटतात. सीएनसी मशीनचे नाव काढले की उघडतात.

सीएनसी मशीनला चिठ्ठी दिल्यासारख्या ओळी द्याव्या लागतात. जी ०० म्हणजे टूल झपाट्याने जागेवर ने. जी ०१ म्हणजे ठरलेल्या गतीने सरळ रेषेत काप. एम ०३ म्हणजे स्पिंडल फिरव. एम ३० म्हणजे प्रोग्राम संपला, पुन्हा पहिल्या ओळीवर ये. मशीनला अक्कल नाही, दयाही नाही. ऑफसेटचा आकडा चुकला तर टूल जॉबमध्ये घुसेल, पण मशीन 'अहो, हे बरोबर आहे का?' असे विचारणार नाही. लिहिलेले ते करील. प्रोग्राम म्हणजे एवढेच: आज्ञांची क्रमवार यादी, जी वाचणारा प्रश्न विचारत नाही.

संगणकावरचा खेळ हीच यादी आहे. फरक इतकाच की ती फार वेगाने आणि सतत फिरत राहते. खेळणाऱ्याने काय दाबले ते पाहायचे, त्याप्रमाणे खेळातल्या जगाची स्थिती बदलायची, बदललेले जग पडद्यावर काढायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. ही फेरी सर्वसाधारणपणे सेकंदाला साठ वेळा होते, म्हणजे एका फेरीला सुमारे सोळा मिलिसेकंद मिळतात. पडद्यावरचा माणूस उडी मारतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडते? त्याची उंची हा एक आकडा आहे, वर जाण्याचा वेग हा दुसरा. प्रत्येक फेरीत वेग उंचीत मिळवायचा आणि वेगातून एक लहान आकडा वजा करायचा. वेग शून्यावर येतो, मग उणे होतो, माणूस खाली येतो. तो वजा केलेला लहान आकडा म्हणजे त्या जगातले गुरुत्वाकर्षण. म्हणजे येथे गुरुत्वाकर्षणसुद्धा कोणीतरी टंकलेले असते! ते दुप्पट केले तर कोणालाच भिंत ओलांडता येणार नाही. ते फक्त एका पात्रासाठी दुप्पट केले, आणि खेळणाऱ्याला सांगितले नाही, तर तो खेळणारा काय म्हणेल? 'मला खेळता येत नाही' असेच म्हणेल. हे मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या गावात हेच आहे की."

त्याच मुलाला फेरीची कल्पना समजायला वेळ लागला नव्हता. "रोज दोनशे जॉब तेच लावतो सर, लूपच आहे ती." पण मशीनवर चालणारा प्रोग्राम मात्र त्याने कधी लिहिलेला नाही. शॉपमध्ये ऑपरेटर, त्याच्यावर सेटर, त्याच्यावर प्रोग्रामर अशी उतरंड असते. ऑपरेटरने जॉब लावायचा आणि सायकल स्टार्टचे बटण दाबायचे. बहुतेकदा तो ठेकेदाराचा माणूस. प्रोग्रामर एसी खोलीत. दोघांमध्ये दहा-पंधरा पावलांचे अंतर आणि तीच यादी दोघांची; एक ती लिहितो, एक ती पाळतो. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे असे जे मांडले, ते समजावून देताना मी हल्ली याच शॉपचे उदाहरण देतो. जात तिथे पाटीवर लिहिलेली नसते. कोणत्या आडनावांची पोरे कोणत्या खोलीत बसतात ते मात्र पाहणाऱ्याला दिसते.

अशा वेळी 'स्वतंत्र निर्माता' ही कल्पना आमच्या मुलांना भुरळ घालते. मोठ्या कंपनीची नोकरी न करता एकट्याने किंवा दोघा-चौघांनी मिळून खेळ करायचा, स्वतः विकायचा. जगात असे घडलेले आहे. जोनाथन ब्लो या अमेरिकन निर्मात्याने स्वतःच्या साठवलेल्या पैशांवर 'ब्रेड' नावाचा खेळ केला. तो २००८ मध्ये आला आणि गाजला. त्याची कमाई त्याने पुढच्या खेळात ओतली, तो २०१६ मध्ये आला. हा माणूस तंत्रज्ञानावर रोखठोक बोलतो. २०१९ मधल्या एका व्याख्यानात त्याने मांडले की तंत्रज्ञान आपोआप पुढे जात नाही. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीने रचलेल्या थरांवर उभी राहते, खालचे थर विसरते, आणि शेवटी मूळ काम कसे चालते हे जाणणारा कोणी उरत नाही. विद्या एका पिढीने दुसरीला हाताने दिली नाही तर ती मरते, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ.

म्हणणे खरे आहे. परंतु ते अर्धे आहे. विद्या विसरल्याने मरते हे त्याला दिसले. ती अडवून ठेवल्यानेही मरते, हे दिसायला त्याला आपल्या देशात जन्म घ्यावा लागला असता. कातडे कमावण्याचे रसायन ज्याच्या हातात होते त्याला अक्षर दिले नाही, आणि ज्याच्याकडे अक्षर होते त्याने कातड्याला हात लावला नाही. मग ते शास्त्र ग्रंथात यावे कसे आणि वाढावे कसे? हात आणि अक्षर यांची ही फारकत आजही संपलेली नाही. आमची मुले कर्ज काढून 'गेमिंग'चे कोर्स करतात. तिथे कोणती खिडकी उघडायची आणि कोणते बटण दाबायचे एवढेच बहुधा शिकवतात. बटणामागे काय आहे ते नाही. म्हणजे पुन्हा ऑपरेटरच. ब्लोचा आग्रह, की खालच्या थरापर्यंत उतरून पाहा, आमच्या मुलांनी घ्यावा असा आहे. त्यांच्यासाठी तो छंद नाही, दहा-पंधरा पावले ओलांडण्याचा रस्ता आहे.

त्याच्या स्वातंत्र्याची किंमत मात्र वेगळी मोजावी लागेल. तीन-चार वर्षे पगाराविना जगायला साठवलेले पैसे लागतात. पहिल्या पिढीचा पदवीधर पहिला पगार घेतो तेव्हा त्यावर धाकट्या बहिणीची फी, गावाकडचे दवाखान्याचे बिल आणि खोलीचे भाडे आधीच लिहिलेले असते. 'तुझ्या स्वप्नाच्या मागे जा' हा उपदेश ज्याच्या मागे घर आहे त्यालाच करावा.

हत्यारांची मालकी हा यातला दुसरा प्रश्न. खेळ आज सहसा मुळापासून कोणी लिहीत नाही. 'इंजिन' म्हणून तयार सामग्री मिळते, तिच्यात चित्र काढणे, टक्कर ओळखणे, आवाज वाजवणे हे सारे आधीच केलेले असते. युनिटी नावाचे इंजिन छोट्या निर्मात्यांत फार पसरले. १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्या कंपनीने जाहीर केले की पुढील वर्षापासून, एका मर्यादेनंतर, खेळ जितक्या वेळा कोणाच्या यंत्रावर बसवला जाईल तितक्या वेळा निर्मात्याने कंपनीला पैसे द्यायचे. वर्षानुवर्षे राबून केलेल्या खेळावर एका रात्रीत नवा खंड बसला. जगभर ओरड झाली. काही दिवसांतच अटी सौम्य झाल्या, पुढच्याच महिन्यात कंपनीच्या प्रमुखाने पद सोडले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती आकारणी रद्द झाली. ज्याच्या औतावर शेती करावी तो ऐन पेरणीत औताचे भाडे वाढवतो, ही गोष्ट आपल्या आजोबांना समजावून सांगावी लागली नसती.

याच्या उलट गोडो नावाचे इंजिन आहे. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते सुरू केले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते फुकट आहे, त्याच्या आतली प्रत्येक ओळ कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, आणि साध्या संगणकावरही चालते. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रांवर आम्ही तेच वापरतो. एक अडचण मात्र कित्येक वर्षे होती. मराठी लिहिले की अक्षरे फुटत. जोडाक्षराचे तुकडे होत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे. कारण रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवली की झाले. आपली लिपी अक्षरांना एकमेकांत गुंफते, आणि ते गुंफण्याचे काम त्या इंजिनाला येत नव्हते. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ते आले. म्हणजे त्या इंजिनातले पात्र धड मराठी बोलू लागून फार दिवस झालेले नाहीत.

पुण्यात खेळ बनत नाहीत असे नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून येथे आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका गाजलेल्या भागाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार असे २०२० मध्ये जाहीर झाले. तिच्या चित्रणावर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलकडे नेण्यात आले. सुटे भाग चाकणला, आराखडा परदेशात, हा या पट्ट्याचा जुना अनुभव आहे.

स्वतःचा आराखडा करून जगापुढे गेलेला पुण्याचा खेळ म्हणजे नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूचा 'राजी'. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी नेट धरून २०२० मध्ये खेळ आणला आणि त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले. त्यांच्या चिकाटीविषयी मला आदर आहे आणि खेळ देखणाही आहे. पण आशयाकडे पाहिले पाहिजे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर. तिच्या भावाला असुर पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू धनुष्य देतो, आणि ती असुरांना मारत सुटते. त्यांच्या सरदाराचे नाव आहे महाबलासुर. तो बळीराजाच आहे असा माझा दावा नाही. परंतु ज्याने जोतीरावांची १८७३ ची 'गुलामगिरी' वाचली आहे, ज्याच्या घरात पाडव्याला बळीचे राज्य यावे म्हणून ओवाळले जाते, त्याच्या हाताने हे बटण दाबताना काही अडखळायला नको काय? आणि दोरावरून चालणारी, भिंतीवर चढणारी ही पोर आपल्या गावात कोणाची असते? डोंबाऱ्याची, कोल्हाट्याची. तिच्या अंगची कसरत खेळाने घेतली; तिची जात, तिचे पाल, गावाबाहेर हाकलून देणारा पाटील हे मात्र त्यात कुठे नाही. शस्त्र तिला देवाकडूनच मिळते. तिच्या मनगटाचे काय?

यावर आपले काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, आपणही आपल्या महापुरुषांवर खेळ काढू, महाडचा, कोरेगावचा. काढावेतही. पण विष्णूच्या जागी आपला नायक बसवून तेच धनुष्य त्याच्या हाती दिले तर नियम कुठे बदलला? २०१३ मध्ये लुकस पोप या एकट्या माणसाने 'पेपर्स, प्लीज' हा खेळ केला. त्यात तलवार नाही. तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून. रांगेतल्या माणसांची कागदपत्रे तपासायची, जितकी माणसे तपासाल तितका पगार, आणि दिवसाच्या शेवटी भाडे, अन्न, घरातली ऊब, औषध यांत तो पुरवायचा. रडणाऱ्या बाईला कागद नसताना आत सोडले तर पगार कापला जातो, मूल आजारी पडते. जुलूम करणारा माणूस कसा तयार होतो, हे त्या खेळात कोणी सांगत नाही. तुमच्याच हातून ते घडते.

माझ्या वर्गात गेल्या वर्षी त्या मागच्या बाकावरच्या मुलाने एक छोटा खेळ सुरू केला. पडद्यावर एक गेट, एक मशीन आणि कोपऱ्यात दिवसांचा आकडा. जॉब लावायचे, रिजेक्शन टाळायचे, बस चुकवायची नाही. चांगले खेळले की दिवस वाढत जातात. २३९ व्या दिवशी, तुम्ही कितीही चांगले खेळलेले असा, ठेकेदाराचा फोन वाजतो, 'थोडा ब्रेक घे', आणि आकडा शून्यावर येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याला सलग सेवेचे संरक्षण दिले, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आकडा राहिला. आणि तो गाठू न देण्याची युक्ती या पट्ट्यात सर्वांना पाठ आहे. प्रोग्राममध्ये त्यासाठी एकच ओळ लागली: दिवस २३९ झाले तर शून्य करा.

त्या ओळीवरून वर्गात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. एका मुलीचे म्हणणे, हा नियम खेळाच्या सुरुवातीलाच लिहून दाखवावा. नाही तर खेळणाऱ्याला वाटेल की खेळात बिघाड आहे, तो मोबाईल ठेवून देईल. कायदा तर छापलेला आहे, तो वाचायला नको का? शिवाय माहीत असून हरताना जो राग येतो, तो वेगळा असतो. मुलगा ऐकायला तयार नाही. तो म्हणतो, "माझ्या भावाला कोणी आधी सांगितलं होतं?" सध्या त्याने दोन्ही प्रती करून ठेवल्या आहेत, आणि कंपनीच्या बसमध्ये एकेकाच्या हातात देऊन कोण कुठे थांबतो ते वहीत टिपून घेतो आहे.